अंशतः खरे आहे

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय २७. नागपुरातच वाढली, नागपुरातच पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करते आहे, चौथं वर्ष चालू. विषय औष्णिक वीज केंद्रांच्या भोवतालची हवा आणि राखड, म्हणजे कोळसा जळून उरणारी राख. तिची प्रयोगशाळा अशा केंद्रांची मोजमापाची कामंही घेते. वडील एका वीज केंद्रातूनच निवृत्त झालेले. गेल्या वर्षभरात तिने एका मराठी दैनिकाच्या पुरवणीत उन्हाळा, संत्र्याची फळगळ, पाणी यांवर सात-आठ लेख लिहिले. आता संपादक म्हणतात, ‘आठवड्यातून तीन दिवस ये, विज्ञान आणि पर्यावरणाची बातमीदारी कर.’ गाइड म्हणतात, ‘पेपर लिही, पेपरात लिहू नको.’ वडील म्हणतात, ‘एवढं शिकून पेपरवाली होऊन राहिली का तू? एमपीएससी दे नं.’ तिला स्वतःला धोरणाच्या कामाची ओढ आहे. ‘ताई, शास्त्रज्ञांना जे माहीत असतं ते सरकारपर्यंत आणि लोकांपर्यंत पोचत नाही. मला तो पूल व्हायचं आहे. तिन्ही मिळून एक करिअर होतं का, की शेवटी धड ना इकडची, धड ना तिकडची?’ संपादकांना सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी गाइडच्या वाक्यावर हसले, कारण वाक्य झकास आहे. दुसऱ्या वेळी ‘पूल’ या शब्दापाशी अडखळले. हल्ली माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हा शब्द फार दिसतो. कुणाला डॉक्टर होऊन आरोग्य धोरणात जायचंय, कुणाला कृषी पदवी घेऊन शेतीची बातमीदारी करायची आहे, आणि सगळ्यांनाच पूल व्हायचं आहे. पण पुलावर मुक्काम करता येत नाही गं. पगार, ओळखपत्र आणि चुकलं तर रागावणारा साहेब, या तिन्ही गोष्टी कुठल्या ना कुठल्या काठावरच असतात. ‘विज्ञान, धोरण व पत्रकारिता अधिकारी पाहिजे’ अशी जाहिरात मी तरी आजवर पाहिलेली नाही. ज्यांनी असं काम केलं त्यांनी एका काठावर पक्कं घर बांधलं आणि दुसऱ्या काठावर जाणं-येणं ठेवलं.

अनिल अग्रवाल यांचंच बघ. आयआयटी कानपूरचे मेकॅनिकल इंजिनिअर, तिथून बातमीदारीत आले. १९८० साली त्यांनी दिल्लीत सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट ही संस्था काढली, १९८२ मध्ये देशाच्या पर्यावरणाची स्थिती सांगणारा नागरिकांचा पहिला अहवाल आणला, १९९२ मध्ये ‘डाउन टू अर्थ’ हे नियतकालिक सुरू केलं. दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आल्या त्यामागे या संस्थेचा मोठा वाटा. विज्ञान, धोरण, पत्रकारिता, तिन्ही आलं. पण आलं ते रांगेने. सोमवारपर्यंत नाही.

दुसरी गोष्ट. माहिती पोचत नाही म्हणून सगळं अडलं आहे, हे तू गृहीत धरलंयस. मला ते अर्धंच पटतं. तुझीच राखड घेऊ. ती साठवून ठेवू नये, तिच्या विटा व्हाव्यात, रस्त्याच्या भरावात जावी, हे सरकारला निदान १९९९ पासून ठाऊक आहे, कारण त्या वर्षी केंद्राची पहिली अधिसूचना निघाली. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटा पाडायच्या तर मातीत राखड मिसळा, असं तिच्यात होतं. २००३ मध्ये ५० चे १०० किलोमीटर झाले. २००९ ला आणखी एक दुरुस्ती. २०१६ मध्ये १०० चे ३०० झाले. ३१ डिसेंबर २०२१ ला तर अख्खी नवी अधिसूचना आली.

आता मला सांग, ५०, १०० आणि ३०० हे आकडे कुठल्या प्रयोगशाळेतून निघाले? राखडीचे गुणधर्म काही एकावन्नाव्या किलोमीटरला बदलत नाहीत. हे आकडे ट्रकच्या भाड्याचे आहेत. २०१६ च्या दुरुस्तीत सरळ लिहिलंच होतं की १०० किलोमीटरपर्यंतचं भाडं वीज केंद्राने सोसायचं आणि तिथून ३०० पर्यंतचं वीज केंद्राने आणि राखड घेणाऱ्याने निम्मं-निम्मं. एवढं सगळं कागदावर असतानाच जुलै २०२२ मध्ये, भर पावसात, नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखडीचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत शिरलं. राखड काय चीज आहे हे कुणाला माहीत नव्हतं म्हणून फुटला का तो?

धोरणाचं काम बहुतेक वेळा असंच असतं. भाडं कोण देणार, तपासायला कोण जाणार, नाही केलं तर पुढे काय, आणि हे सगळं कुठल्या विभागाच्या नस्तीत बसतं. तुला यात रस वाटतो का, ते प्रामाणिकपणे बघ. वाटत नसेल तर तुला धोरणात जायचं नाहीये, तुला लिहायचं आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त ते आत्ताच कळलेलं बरं, चाळिशीत कळण्यापेक्षा.

हे बघायला आपल्या गावासारखं दुसरं गाव नाही. १९५३ च्या नागपूर करारापायी दर हिवाळ्यात अख्खं विधिमंडळ आपल्या दारात येतं, आणि आपण चौकशी करतो ती सिव्हिल लाइन्सची वाहतूक कुठून वळवली याची. आमदार विचारतात आणि मंत्री उत्तर देतात त्या तारांकित प्रश्नोत्तरांची यादी कधी वाचली आहेस? मराठीत असते, विधिमंडळाच्या संकेतस्थळावरही मिळते. साचा ठरलेला. ‘(१) अमुक गावाच्या परिसरात राखेमुळे पिकांचे नुकसान झाले, हे खरे आहे काय? (२) असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि पलीकडच्या रकान्यात मंत्र्यांचं उत्तर: ‘(१) अंशतः खरे आहे.’ किंवा ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

वृत्तपत्राच्या डेस्कवर होते तेव्हा या ‘अंशतः’ला आम्ही सगळे हसायचो. चहा मागवताना ‘साखर हवी काय?’ ‘अंशतः.’ आज वाटतं, तुझा सगळा पेच त्या एका शब्दात आहे.

समज, एका गावात तुझ्या यंत्राने पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांची, २४ तासांची सरासरी घनमीटरला ४५ मायक्रोग्रॅम दाखवली. आपल्या देशाचं २००९ चं मानक ६० चं आहे, म्हणजे हवा मर्यादेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५, म्हणजे तिप्पट. संशोधक म्हणून तू दोन्ही आकडे लिहिशील आणि खाली जोडशील की नमुने एकाच हिवाळ्याचे आहेत, वारा अमुक दिशेचा होता, चुलींचा धूर वेगळा काढलेला नाही. बातमीदार असशील तर मथळ्यात एकच आकडा मावेल. आणि उद्या एखाद्या विभागात बसलेली असशील तर ‘हे खरे आहे काय?’ या प्रश्नाच्या उत्तराचा मसुदा तुझ्याच टेबलावर येईल, संध्याकाळी पाचला, आणि सहाला परत हवा असेल. तिन्ही ठिकाणी तू खोटं बोललेली नसशील. वाक्यं मात्र तीन वेगळी.

मी स्वतः यात एकदा सपशेल आपटले आहे. एका संशोधन संस्थेतल्या गृहस्थांनी फार जपून, शब्द मोजून मला एक निष्कर्ष सांगितला होता. रात्री दोन कॉलमांच्या मथळ्यात ‘शक्यता’ हा शब्द बसेना, तो मी काढला. सकाळी शक्यतेची खात्री झालेली होती. त्यांनी फोन करून एवढंच म्हटलं, ‘मॅडम, मी असं म्हणालो नव्हतो.’ त्यानंतर ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मला कधी म्हणता आलं नाही.

म्हणून माझा आग्रह एकच आहे: एका विषयावर एकच टोपी. आयुष्यात तिन्ही टोप्या घाल, पण राखडीवर तू संशोधक आहेस तोवर राखडीची बातमीदार नाहीस. ज्या केंद्राच्या हवेचं मोजमाप तुझी प्रयोगशाळा पैसे घेऊन करते, त्या केंद्राविरुद्ध लिहिलंस तर गाइडचा विश्वासघात. बाजूने लिहिलंस तर वाचकाचा. आणि दोन्ही बाजू सांभाळून लिहिलंस तर वाचणार कोण? वडील तिथे नोकरीला होते हेही संपादकांना तुझ्या तोंडून कळायला हवं, आधी. उन्हाळा, फळगळ, कापूस, पाणी, नाग नदी यांवर खुशाल लिही. गाइडची परवानगी तोंडी नको, मेलवर घे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतसुद्धा निव्वळ साहित्यिक, कलाविषयक आणि वैज्ञानिक लेखनाला मोकळीक आहे, सरकारी धोरणावर टीका करायला नाही. तू फेलो आहेस, कर्मचारी नाहीस, पण तुझ्या संस्थेची स्वतःची नियमावली असेलच. ती मागून घे आणि वाच.

मग पत्रकारितेला तुझा काय उपयोग, असं विचारशील. ३० मे २०२४ आठवतो? त्या संध्याकाळी ‘नागपूर ५६ अंश’ हा फोटो मला सात जणांनी पाठवला. त्यातल्या एका नातेवाइकाने खाली अभिमानाने लिहिलं होतं, ‘आपण जगात पहिले!’ झालं होतं असं की हवामान खात्याची इथे चार स्वयंचलित केंद्रं. उत्तर अंबाझरी मार्गालगत कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या केंद्राने ५६ दाखवले, सोनेगावच्या केंद्राने ५४. त्याच दिवशी खापरीजवळ कापूस संशोधन संस्थेच्या शेतातलं केंद्र आणि रामटेकचं केंद्र ४४ च्या घरात होती. खात्याने खुलासा केला की पहिल्या दोन ठिकाणचे संवेदक बिघडले होते. खुलासा येईपर्यंत आकडा गावभर फिरून आला होता. डेस्कवर कुणीतरी एकच प्रश्न विचारायला हवा होता: ‘बाकीची केंद्रं काय म्हणतात?’ त्याला पीएच.डी. लागत नाही, पण यंत्रंही चुकतात हे अंगवळणी पडलेलं माणूस लागतं. तुला ते पहिल्या वर्षीच पडलं असणार. आणि ५६ च्या गमतीत ४४ ची बातमी कुणीच केली नाही. ४४ मध्ये डोक्यावर विटा वाहणाऱ्या बाईने दुपारी किती वाजता थांबायचं, कोणाच्या आदेशाने, आणि त्या दिवसाची मजुरी कोण देणार? बघ, विज्ञान, बातमी आणि धोरण एका वाक्यात आलं की नाही.

आणि भाषा. डॉ. अभय बंग आपल्याच नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले. गडचिरोलीतल्या ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली तर नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरतो, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. ती पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशाच्या कार्यक्रमात यायला २०११ उजाडलं. बारा वर्षं! बातमीचं आयुष्य बारा तासांचं, हे लक्षात ठेव. मधल्या काळात, २००१ मध्ये, राज्यातल्या बालमृत्यूंवर त्यांचा अहवाल आला, त्याचं नाव ‘कोवळी पानगळ’. दोन शब्द. आमदाराला कळले, उपसंपादकाच्या मथळ्यात बसले, खेड्यातल्या आजीलाही समजले. तुझ्या प्रबंधाचं शीर्षक तू कळवलं आहेस, इथे छापत नाही, पण ते तीन ओळींचं आहे आणि त्यात ‘राखड’ हा शब्द कुठेही नाही.

आता सोमवार. तीन दिवसांची बातमीदारी आत्ता घेऊ नकोस. तुला वरिष्ठ फेलोशिपचे महिना ४२ हजार आणि वर घरभाडे मिळतात, आणि पाच वर्षं पुरी व्हायला सव्वा वर्षही उरलेलं नाही. चौथ्या वर्षी थांबवलेला प्रबंध पुन्हा उघडणारी माणसं मी फार थोडी पाहिली. बातमीदारी करत प्रबंध लिहिता येतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा निवडणुकीच्या आठवड्यात वृत्तपत्राच्या कचेरीत बसून बघावं. लिहिणं मात्र सोडू नकोस. पंधरवड्याला एक लेख, ठरलेल्या वारी, ठरलेल्या शब्दांत. गाइडचं वाक्य थोडं बदलून घे: आधी पेपर, मग पेपरात.

वडिलांशी प्रतिष्ठेवर वाद घालू नकोस. त्यांची भीती पैशाची आहे आणि ती रास्त आहे. लेखाला किती मानधन मिळतं तो आकडा इथे छापला तर आमचेच संपादक मला केबिनमध्ये बोलावतील. त्यांना महिन्याचा हिशेब दाखव, पुढच्या दोन वर्षांचा, वहीवर. आणि त्यांच्याकडून शीक. राखडीची पाइपलाइन रात्रपाळीत कोण बघतं, बंधाऱ्याची पाहणी कागदावर किती वेळा आणि प्रत्यक्षात किती वेळा, पाऊस लागला की कोण कोणाला फोन करतं, हे तुझ्या संदर्भसूचीतल्या एकाही शोधनिबंधात सापडणार नाही. ते तुझ्या घरात, पंख्याखाली, पेपर वाचत बसलेलं आहे. ऐक, समजून घे. मात्र छापायचं नाही, टोपीचा नियम घरालाही लागू.

तुझ्यासारखीच पत्रं आणखी चौघांची आहेत, त्यांच्यासाठीही थोडं. राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप (२०१५ पासून) आणि दिल्लीत खासदारांसोबत काम करायला मिळणारी, पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप, या दोन्हींना वयाची अट आहे. पहिलीला २६, दुसरीला २५. तुझ्या दोन्ही गाड्या सुटल्या. पण जे आत्ता बी.एस्सी., एम.एस्सी.ला आहेत त्यांनी पीएच.डी.ला चिकटण्याआधी इकडे बघावं. काही महिने सरकारी कचेऱ्यांची किंवा खासदारांची कामं जवळून पाहिली की धोरण आवडतं की नुसतं ‘धोरण’ म्हणायला आवडतं, ते कळतं. पीएच.डी.वाल्यांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये ‘अवसर’ ही स्पर्धा काढली, आपलंच संशोधन सोप्या भाषेत लिहायची. त्याच विभागाच्या मदतीने काही संस्थांत विज्ञान धोरणाची केंद्रं उभी राहिली, बंगळुरूच्या आयआयएससीत एक आहे. अर्ज कधी निघतात यावर डोळा ठेवावा लागतो. आणि सरकारी विज्ञानप्रसारात नोकरी म्हणजे कायमची, असं कुणी समजू नये. १९८९ पासून चालू असलेली ‘विज्ञान प्रसार’ ही संस्था २०२३ मध्ये गुंडाळली गेली.

तुला मी मात्र फेलोशिपपेक्षा एक गृहपाठ देते. एखाद्या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीआधी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायला होते ती जनसुनावणी गाठ. खाण असो की कारखाना, २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतो आणि पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. तो मराठी सारांश आणि मूळ इंग्रजी अहवाल शेजारी-शेजारी ठेवून वाच. काय गळलं, काय गुळगुळीत झालं, त्यावर पेन्सिलीने खुणा कर. मग मांडवात मागच्या रांगेत बस. बोलू नकोस. सरपंच काय विचारतो, कंपनीचा माणूस कशाला उत्तर देतो, कशाला ‘नोंद घेतली आहे’ म्हणतो, ते लिहून आण. इतिवृत्त नंतर माहिती अधिकारात मागव, दहा रुपयांच्या अर्जावर. तुझी वही आणि ते इतिवृत्त यांत जे अंतर पडेल, त्या अंतरात तुला काम करायचं आहे का, ते ठरव. घरी येऊन जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची दोन पानांची टिपणी लिही, पाठवायची नाही. पहिल्याच ओळीत ‘काय करावे’ आलं पाहिजे, दुसऱ्या ओळीत ‘कोणत्या अधिकारात’, तिसरीत ‘खर्च किती’. तुझ्या लेखांत या तिन्ही ओळी मला अजून सापडल्या नाहीत. लेख चांगले आहेत, म्हणून सांगते.

आणि संपादकांना साधारण असं कळव:

‘सर, प्रबंध पुढच्या वर्षी सादर करायचा आहे, तोवर आठवड्यातून तीन दिवस येणं जमणार नाही. पंधरवड्याचं सदर दिलंत तर वेळेवर देईन. वीज केंद्रं आणि राखड यांवर मी लिहिणार नाही, कारण माझी प्रयोगशाळा त्यांची कामं घेते आणि माझे वडील तिथे नोकरीला होते. इतर कुठल्याही बातमीतला आकडा तपासून हवा असेल तर रात्री अकरापर्यंत फोन करा. मथळ्यात “शक्यता” बसत नसेल तर मला सांगा, मी दुसरा मथळा देईन.’